शब्दाच्या टोकाचा स्वर : ऐकण्याची आणि मोजण्याची पद्धत

ठाणे स्थानकाच्या फलाटावर उभे राहून आपल्या गावाचे नाव लोक कसे उच्चारतात, हे पंधरा मिनिटे कान देऊन ऐकले तरी या अभ्यासाची सुरुवात होते. “चला, ठाणे आलं” असे म्हणणारा माणूस शेवटचा ए स्वच्छ उच्चारतो. तोच माणूस “आमचं ठाणं किती बदललं” असे म्हणतो तेव्हा तो ए तेथे नसतो. जीभ पुढे न सरकता मुखाच्या मध्यावरच थांबते आणि ए ऐवजी लांबवलेला, सैल अ ऐकू येतो. “पोलीस ठाणं” म्हणताना तर बोलण्यात ए क्वचितच येतो. शब्दाचे मूळ एकच, संस्कृत ‘स्थान’. तरीही टोकाचा स्वर कोठे पूर्ण राहतो, कोठे क्षीण होतो. शब्दाच्या शेवटच्या अक्षरात स्वर क्षीण होण्याचा हा प्रकार जगाच्या पाठीवर कितीतरी भाषांत आढळतो, आणि तो आपल्याच भाषेत, आपल्याच शेजारात तपासून पाहता येतो.

पुढे दिलेली पद्धत मी कोपरीतल्या घरी बसून, शेजाऱ्यांच्या मदतीने हळूहळू बसवली आहे. तिला प्रयोगशाळा लागत नाही. एक मोबाइल, एक संगणक, शांत खोली आणि वेगवेगळ्या मातृभाषा असलेली, थोडा वेळ देणारी माणसे एवढे पुरते, आणि यातील शेवटची गोष्ट ठाण्यात व नवी मुंबईत मिळते तितक्या सहजपणे फार थोड्या ठिकाणी मिळत असेल.

प्रश्न नेमका करणे

“स्वर क्षीण झाला” या एका वाक्यात निदान चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय ध्वनिमुद्रण सुरू करू नये. स्वर तोच राहून फक्त आखूड होऊ शकतो. त्याचा गुण बदलून तो मुखाच्या मध्यभागी, ज्याला श्वा म्हणतात त्या उदासीन स्वराकडे सरकू शकतो. इंग्रजी ‘सोफा’च्या शेवटी इंग्रज माणूस आपला आ म्हणत नाही, श्वा म्हणतो, आणि इटलीतील नेपल्सच्या बोलीत तर टोकाचे बहुतेक अनाघात, म्हणजे जोर न दिलेले, स्वर या श्वामध्ये मिसळून गेले आहेत. तिसरा प्रकार घोष जाण्याचा : तोंडाची ठेवण राहते, पण कंठातील कंप थांबतो आणि स्वर कुजबुजल्यासारखा उरतो. टोकियोच्या जपानीत ‘देसु’चे ‘देस’ ऐकू येते ते यामुळे. मादागास्करच्या मालागासी भाषेच्या नावातील शेवटची ई खुद्द तिच्या भाषकांच्या तोंडी अशीच विरते. चौथा प्रकार पूर्ण लोपाचा, म्हणजे आपल्या ‘घर’ या शब्दातील शेवटच्या अ चा.

हे चार प्रकार पुष्कळदा एकाच जिन्याच्या पायऱ्या असतात, पण नेहमीच असतात असे मानू नये. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये टोकाचा अनाघात ए मध्याकडे न जाता वर चढून इ होतो आणि ओ चा उ होतो. लिस्बनमध्ये तोच ए जवळजवळ गिळला जातो. म्हणून ‘पोर्तुगीज’ एवढीच नोंद करून चालत नाही, बोलणारा कोठला आहे हेही लिहावे लागते. ब्राझीलच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट कळते : क्षीण होणे म्हणजे दर वेळी श्वा होणे नव्हे, त्या जागी पूर्वी वेगळे राहू शकणारे स्वर एकमेकांत मिसळणे हेही क्षीण होणेच आहे.

शेवटच्या अक्षरावर आघात देणाऱ्या भाषांत ही घटना शोधण्यात वेळ घालवू नये. तुर्कीत बहुसंख्य शब्दांचा आणि फारसीत नामांचा आघात टोकावर असतो, त्यामुळे तेथे टोकाचा स्वर सहसा भरीव राहतो.

शब्द निवडणे

सुरुवात मातृभाषेपासून करावी, आणि शब्दांच्या अशा जोड्या घ्याव्यात की ज्यांत अर्थाचा फरक टोकाच्या स्वरावरच अवलंबून आहे. मराठीसाठी माझी पहिली जोडी ‘घर’ आणि ‘घरं’ ही असते. लेखी भाषेत दुसरे रूप ‘घरे’ आहे आणि जुन्या लेखनात ते अनुस्वारासह ‘घरें’ असे लिहीत. बोलण्यात तो सानुनासिक ए सैलावून अ झाला, आणि आज बहुतेकांच्या उच्चारात नाकातला सूरही राहिलेला नाही. म्हणजे मराठीच्या टोकाला दोन वेगळ्या पिढ्यांचे दोन अ उभे आहेत : ‘घर’मधला जुना अ केवळ कागदावर उरला आहे आणि ‘घरं’मधला नवा अ जिवंत आहे. अनेकवचनाचा सगळा भार त्या एका सैल स्वरावर आहे. दुसरी जोडी ‘केला’ आणि ‘केलं’. येथे लिंगभेद टोकावर आहे. तिसरी ‘पत्र’ आणि ‘पत्रा’. जोडाक्षरानंतर मराठी माणूस अ पूर्णपणे टाकत नाही, म्हणून ‘पत्र’च्या शेवटी एक आखूड स्वर सापडतो आणि घरावर घालायच्या पत्र्याच्या आ शी त्याची तुलना करता येते.

‘वीट’ आणि ‘विटा’, ‘सून’ आणि ‘सुना’ या जोड्याही यादीत असाव्यात, जरी त्यांत टोकापेक्षा आधीचा स्वर अधिक बोलका आहे. टोकाचा अ गेला की आधीचा इ किंवा उ दीर्घ होतो, टोकाला भरीव स्वर आला की तो ऱ्हस्व होतो. शाळेत शुद्धलेखनाचा नियम म्हणून जे पाठ केले, ते प्रत्यक्षात गेलेल्या स्वराने मागे ठेवलेले माप आहे. कोणत्याही भाषेत टोकाचा स्वर नाहीसा झालेला दिसला की असा माग आधीच्या अक्षरात शोधावा.

लिपी या कामात साक्षीदार म्हणून कच्ची आहे, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावे. 1962 साली राज्य शासनाने मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांनुसार मराठीत शब्दाच्या शेवटचे इकार आणि उकार दीर्घ लिहिले जातात, म्हणून आपण ‘तमिळनाडू’ लिहितो. पण तमिळमध्ये नेमक्या त्याच जागी भाषेतला सर्वांत तोकडा उ आहे. तेथील प्राचीन व्याकरणग्रंथ तोलकाप्पियममध्ये या उ ला स्वतंत्र नाव आहे, कुट्रियलुकरम, आणि त्याची मात्रा अर्धी सांगितली आहे. जी गोष्ट तमिळ वैयाकरणांनी इतक्या जुन्या काळी कानाने पकडली, तीच आपल्या लेखनात उलटी होऊन बसते. 1853 साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली तेव्हा इंग्रजी कागदपत्रांत गावाचे नाव ‘टॅना’सारखे, शेवटी ए आणि एच ही अक्षरे देऊन लिहीत. त्यावरून त्या वेळी ठाणेकर शेवटी काय उच्चारत होते हे ठरवण्याचा मोह होतो, पण लिहिणाऱ्याने ते नाव कोणाच्या तोंडून ऐकले हे कळल्याशिवाय तसे ठरवता येत नाही.

वाक्यात बसवणे

या भागात माझी सर्वांत मोठी चूक झाली होती, म्हणून येथे थोडे थांबतो. सुरुवातीला मी शब्दांची यादी छापून लोकांपुढे ठेवली आणि ती वाचायला सांगितली. मिळालेले ध्वनिमुद्रण स्वच्छ होते आणि जवळजवळ निरुपयोगी होते. यादी वाचताना प्रत्येक शब्दानंतर माणूस थांबतो, आणि थांबण्यापूर्वीचे अक्षर तो लांबवतो. जगातील बहुतेक सर्व भाषांत वाक्याच्या किंवा वाक्यखंडाच्या शेवटी असे लांबणे आढळते. म्हणजे मला मोजायचे होते शब्दाचे टोक आणि मी मोजत होतो बोलण्याचे टोक.

या दोन टोकांची ओढाताण समजणे हा या विषयाचा गाभा आहे. शब्दाच्या टोकाशी बलाघात नसला की स्वर आखडतो. विरामाच्या टोकाशी तोच स्वर ताणला जातो. स्वर आखडला की गुणही का बदलतो, याचे उत्तर स्वीडिश ध्वनिशास्त्रज्ञ ब्यॉर्न लिंडब्लॉम यांनी 1963 साली दिले : जिभेला ठरलेल्या जागी पोचायला वेळ लागतो, वेळ कमी पडला तर ती अलीकडेच थांबते, आणि स्वर लक्ष्याला न पोचता राहतो. उलट विरामापूर्वी वेळ भरपूर असतो, त्यामुळे क्षीण होणारा स्वर तेथे पुन्हा भरीव होऊ शकतो. रशियन भाषेत आघातानंतरचे अ आणि ओ सैलावून एक होतात, तरी शब्दाच्या अगदी शेवटी, व्यंजनाने न झाकलेला स्वर त्या मानाने कमी क्षीण होतो. याच्या उलट, अमेरिकेतील ओनायडासारख्या काही भाषांत विरामापूर्वीच टोकाची अक्षरे कुजबुजीत जातात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या वेगळ्या टिपल्या तरच समजतात.

म्हणून प्रत्येक शब्द दोनदा घ्यावा : एकदा वाक्याच्या मध्यात, एकदा वाक्याच्या शेवटी. मध्यासाठी मी “त्याने ‘घरं’ पुन्हा लिहिलं” असे वाक्य वापरतो. यातील ‘पुन्हा’ हा शब्द मुद्दाम निवडलेला आहे. प उच्चारताना ओठ मिटतात आणि आवाज क्षणभर बंद होतो, त्यामुळे आधीचा स्वर नेमका कोठे संपला हे पडद्यावर स्पष्ट दिसते. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर दोन स्वर एकमेकांत मिसळतात आणि सीमारेषा सापडत नाही. शेवटासाठी “त्याने लिहिलेला शब्द : ‘घरं’” हे पुरते. वाक्ये चिठ्ठ्यांवर लिहून, क्रम मिसळून द्यावीत, प्रत्येक वाक्य किमान पाच वेळा यावे, आणि आपल्याला कोणता स्वर ऐकायचा आहे हे बोलणाऱ्याला आधी सांगू नये.

ध्वनिमुद्रण वेव्ह प्रकारच्या फाइलमध्ये, सेकंदाला 44,100 नमुने या दराने करावे. व्हॉट्सॲपवरून आलेला व्हॉइस मेसेज वापरू नये, कारण तेथे आवाज दाबला जातो आणि क्षीण स्वर आधीच क्षीण असतो. पंखा बंद, खिडकी बंद, मोबाइल तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित बाजूला. लोकलच्या डब्यात लोकांच्या नकळत मुद्रण करण्याचा मोह टाळावा. परवानगी न घेता कोणाचा आवाज घेणे गैर आहे, आणि गाडीच्या खडखडाटात शेवटचा स्वर असाही हाती लागत नाही.

कानाने, मग डोळ्याने

मोजण्यासाठी ‘प्रात’ हा कार्यक्रम मोफत मिळतो. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तो तयार केला आहे. फाइल उघडून आधी शब्दातील फक्त शेवटचा तुकडा निवडावा आणि एकटाच ऐकावा. संपूर्ण शब्द ऐकताना आपले मन गेलेला स्वर अर्थावरून भरून काढते. तुकडा एकटा वाजवला की ही मदत संपते. ‘घर’च्या शेवटचा र असा ऐकावा, मग ‘पत्र’च्या शेवटचा त्र. पहिल्यात र नंतर काही नसते, दुसऱ्यात एक लहानसा अ सापडतो.

पडद्यावर काळसर आडवे पट्टे दिसतात, ते फॉर्मंट. खालचा पहिला पट्टा तोंड किती उघडले ते सांगतो : आ ला तो वर जातो, ई आणि ऊ ला खाली येतो. दुसरा पट्टा जीभ पुढे आहे की मागे ते सांगतो : ई ला तो फार वर, ऊ ला फार खाली. या दोन आकड्यांच्या आलेखावर ई, आ आणि ऊ हे तीन कोपरे होतात आणि श्वा मध्यभागी पडतो. तो मध्य कोठे असावा याचा हिशेब सोपा आहे. प्रौढ पुरुषाची स्वरनळी, म्हणजे कंठापासून ओठांपर्यंतची पोकळी, साधारण 17.5 सेंटिमीटर धरली आणि ती एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघडी, सगळीकडे सारख्या जाडीची आहे असे मानले, तर नळीतील उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला 350 मीटर घेऊन पहिला अनुनाद 350 भागिले 0.7 (नळीच्या लांबीची चौपट, मीटरमध्ये), म्हणजे 500 हर्ट्झला येतो आणि दुसरा त्याच्या तिप्पट, 1500 हर्ट्झला. जीभ कोठेही न वळवता निघालेला आवाज तो हाच. स्त्रियांची नळी तोकडी असल्याने त्यांचे आकडे वर सरकतात, म्हणून प्रातमधील फॉर्मंटची वरची मर्यादा पुरुषांसाठी 5000 आणि स्त्रियांसाठी 5500 हर्ट्झ ठेवावी आणि दोन माणसांचे कच्चे आकडे कधीही सरळ शेजारी मांडू नयेत. प्रत्येकाच्या टोकाच्या स्वराची तुलना त्याच माणसाच्या शब्दाच्या आरंभीच्या स्वराशी करावी.

आकडा स्वराच्या मध्यबिंदूवर घ्यावा आणि स्वराचा काल मिलिसेकंदांत शेजारी लिहावा. फक्त गुण मोजून काल सोडणे ही नेहमी होणारी चूक आहे, कारण ‘केलं’मधला अ गुणाने क्षीण असला तरी आखूड नाही. आणि श्वा म्हणजे एकच ठरावीक बिंदू असेही धरून चालू नये : अमेरिकी इंग्रजीत एडवर्ड फ्लेमिंग आणि स्टेफनी जॉन्सन यांनी 2007 साली दाखवले की ‘रोझा’च्या टोकाचा श्वा बराचसा मध्यावर स्थिर असतो, तर शब्दाच्या आतला, ‘रोझेस’मधला, त्याहून वर आणि आजूबाजूच्या व्यंजनांप्रमाणे हलणारा असतो.

शेजारी भाषा

पद्धत हाताला बसली की एकच शब्द घेऊन दारोदार जावे. ‘घर’ यासाठी उत्तम आहे. हिंदीत आणि गुजरातीत टोकाचा अ गेलेला मिळेल. ओडिया कुटुंबाकडे तो घॉरॉ असा शेवटपर्यंत शाबूत मिळेल. सिंधीत ‘घरु’ असा तोकडा उ मिळेल, आणि अनेकवचन करताना त्या उ चा तितकाच तोकडा अ होईल. दक्षिणेकडील सारस्वतांच्या कोंकणीत हाताला ‘हातु’ म्हणतात. म्हणजे उकारान्त रूप मराठीने टाकले आणि या भाषांनी जपले. ज्ञानेश्वरीच्या काळच्या, शके 1212 म्हणजे 1290 सालच्या मराठीत ‘देवु’, ‘देवो’ अशी रूपे आहेतच : संस्कृत देवः, प्राकृत देवो, अपभ्रंश देवु, आणि आज व्यंजनावर थांबणारा देव. अभंगात मात्र अक्षरे मोजताना हा गेलेला अ अजूनही मोजला जातो आणि गाताना ऐकू येतो. म्हणून गायनाचे मुद्रण या अभ्यासात बोलण्याच्या मुद्रणात मिसळू नये.

नेरूळ-वाशीकडे तमिळ आणि मलयाळी शेजारी मिळतात. तमिळ माणसाला ‘नडु’ आणि ‘नाडु’ हे दोन शब्द वाक्यात म्हणायला सांगावेत. पहिल्यात एकट्या ऱ्हस्व अक्षरानंतर आल्यामुळे उ पूर्ण असतो. दुसऱ्यात तो अर्धा होतो आणि ओठांचा गोलावाही सोडतो. ओठ पाहिले तरी फरक कळतो. मलयाळममध्ये या अर्ध्या उ साठी लेखनात चंद्रकला हे चिन्हच आहे.

उसने शब्दही तपासावेत. ठाणे आणि वसईचा मुलूख अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात मराठ्यांनी घेईपर्यंत पोर्तुगिजांकडे होता आणि त्यांचे कितीतरी शब्द आपल्या घरात राहिले. फिता या पोर्तुगीज शब्दाची मराठीत फीत झाली, पिपाचे पिंप झाले, आफॉन्सुचा हापूस झाला. टोकाचा अनाघात स्वर मराठीने काढून टाकला आणि फीत, हापूस लिहिताना उरलेला स्वर दीर्घ केला, अगदी विटेसारखाच. पण बटाटा हा आपला आ घेऊन राहिला. प्रत्येक शब्द एकाच वाटेने जात नाही, आणि अपवाद वहीत त्याच ठळकपणे लिहावा.

आमच्या जिन्यासमोर एक सिंधी आजी राहतात. फाळणीनंतर ज्या कुटुंबांनी उल्हासनगरच्या छावण्यांत आणि कोपरीत संसार मांडले, त्यांपैकी त्यांचे कुटुंब. त्यांच्या मुद्रणात मला र नंतर एक फिकट, अगदी लहान पट्टा दिसला. मी विचारले, “आजी, तुम्ही आत्ता ‘घर’ म्हणालात की ‘घरु’?” त्या म्हणाल्या, “घरच म्हटलं की मी, दुसरं काय म्हणणार?” तो उ त्या उच्चारत होत्या आणि त्यांना स्वतःला तो ऐकू येत नव्हता. पण एकवचनाचे आणि अनेकवचनाचे तुकडे मिसळून, पुढचे-मागचे शब्द कापून मी त्यांना ऐकवले, तेव्हा एक घर की अनेक, हे त्यांनी एकदाही न चुकता सांगितले. म्हणून बोलणाऱ्याला “तुम्ही काय उच्चारता” असे विचारू नये; त्याला तुकडे ऐकवून अर्थ विचारावा. क्षीण स्वर अजून कामावर आहे की नाही, हे या चाचणीतून कळते.

तेच तुकडे त्यांच्या नातवाने ऐकले. तो घरात सिंधी बोलतो, शाळेत आणि खाली मैदानात मराठी-हिंदी. त्याला सगळे सारखेच वाटले. एका मुलावरून काहीच ठरत नाही, त्याच्या वयाची आणखी मुले ऐकावी लागतील; पण आजींचे मुद्रण मी त्याच आठवड्यात पुन्हा केले, या वेळी सुट्या शब्दांचे नव्हे, तर त्यांच्या लहानपणच्या घराविषयीच्या सबंध बोलण्याचे, आणि त्यांची परवानगी घेऊन त्याच्या दोन प्रती ठेवल्या.